लक्ष्मीबाईंची प्रत

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आमच्या बस्तीत पोथ्या बाहेर निघतात. वर्षभर कपाटात बसलेल्या पोथ्यांची वेष्टनं सोडायची, पानं हलक्या हातानं झटकायची, कुठं कसर लागलीय का बघायचं आणि नव्या कापडात बांधून चौरंगावर मांडायच्या. ही श्रुतपंचमी. परंपरा सांगते ती गोष्ट अशी. गिरनारच्या चंद्रगुहेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना वाटलं, आपल्याबरोबर आपल्याजवळचं ज्ञानही संपणार. म्हणून त्यांनी दोन मुनी बोलावून घेतले, पुष्पदंत आणि भूतबली. गुरूंनी तोंडी शिकवलेलं या दोघांनी ‘षट्खंडागम’ नावाच्या ग्रंथात बांधलं, आणि ग्रंथ पुरा झाला त्या दिवशी संघानं त्याची पूजा केली. म्हणजे हा ग्रंथप्रकाशनाचा सण, असं मी कॉलेजात पोरांना सांगत असे. पोरं हसायची.

यंदा पूजा आटोपून घरी आले. किल्ल्यातल्या कमल बस्तीबद्दल बोलायला मला एका महिला मंडळात जायचं होतं. वीस वर्षांपूर्वी याच विषयावर मी इंग्रजीत एक लेख लिहिला होता. त्याची छापील प्रत घर बदलताना कुठं गेली कोण जाणे. नातीला म्हटलं, “तुझ्या त्या लॅपटॉपवर बघ गं सापडतोय का.”

तिनं बघितलं आणि ओरडलीच. “आज्जी, हे तीन हजार रुपये मागतंय की!”

“कशाचे?”

“तुझा लेख वाचायचे.”

मला आधी वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मग चष्मा लावून मी स्वतः वाचलं. लेखाचं नाव माझं, खाली नाव माझं, पहिल्या आठ-दहा ओळी दाखवलेल्या, आणि पुढं पैशाचं दार. लेख पाठवला तेव्हा ते एका लहानशा अभ्यासमंडळाचं नियतकालिक होतं. पुढं ते परदेशातल्या एका मोठ्या प्रकाशकाकडं गेलं. लेख स्वीकारल्यावर आलेल्या कागदावर मी आनंदानं सही केली होती. त्या सहीत माझा हक्क गेला, हे तेव्हा वाचलंच नव्हतं. लेखाचे पैसे मला मिळाले नाहीत. ज्या दोन विद्वानांनी तो तपासला त्यांनाही मिळाले नाहीत. मी ज्या पगारावर जगत होते तो सरकारचा, म्हणजे लोकांचा. आणि आता तोच लेख लोकांना, मला धरून, विकत.

नात म्हणाली, “थांब जरा.” दोन मिनिटांत अख्खा लेख पडद्यावर आला. कुठून आणलास, हे मी विचारलं नाही. मला अंदाज होता, तिलाही ठाऊक होतं. मी मुकाट्यानं वाचायला बसले.

रात्री सामायिकाला बसले तेव्हा मन ठिकाणावर येईना. अचौर्य हे आमच्या पाच अणुव्रतांपैकी एक. मी आज चोरीचा माल घेतला होता, आणि माल माझाच होता. ही चोरी म्हणायची का? आणि चोर कोण? तेव्हा मला मिरजेच्या लक्ष्मीबाई आठवल्या. त्यांची गोष्ट आपल्याच भागातली आहे, पण फारशी सांगितली जात नाही. म्हणून आज सांगते.

षट्खंडागमावर वीरसेनाचार्यांनी ‘धवला’ नावाची प्रचंड टीका लिहिली. ती इ. स. ८१६ मध्ये पुरी झाली. ‘कसायपाहुड’ या दुसऱ्या प्राचीन ग्रंथावरची ‘जयधवला’ त्यांनी सुरू केली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये संपवली. पुढच्या काळात या ग्रंथांच्या प्रती सगळीकडून नाहीशा झाल्या. उरल्या त्या एकाच जागी, दक्षिण कन्नडमधल्या मूडबिद्रीला. तिथं जुन्या कानडी लिपीत लिहिलेली ताडपत्रं होती. यात्रेकरू जात, लांबून दर्शन घेत, नमस्कार करत आणि परत येत. वाचत कोणी नसे. सिद्धांतग्रंथ गृहस्थानं वाचू नये, अशी समजूत होतीच. शिवाय ती लिपी सहज वाचू शकणारी माणसंही बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती.

१८८३ च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद संघ घेऊन मूडबिद्रीला गेले. त्यांनी ताडपत्रं पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, की ती झिजत चाललीत. आपण नमस्कार करतोय ती वस्तू आपल्या डोळ्यांदेखत संपतेय. त्यांनी ही गोष्ट आपले मित्र, सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कानावर घातली. हिराचंद म्हणजे ‘जैन बोधक’ काढणारे, मराठी मुलखातल्या जैनांना छापलेलं वाचायला लावणारे गृहस्थ. तेही जाऊन आले. बरीच वर्षं खटपट झाली, लोकांकडून वर्गणी गोळा झाली, आणि १८९६ च्या सुमारास नक्कल करायचं काम सुरू झालं. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरिशास्त्री आणि मिरजेचे गजपतिशास्त्री उपाध्याय यांना या कामावर नेमलं. ब्रह्मसूरिशास्त्री लवकरच वारले. पुढं गजपतिशास्त्री वर्षानुवर्षं नागरीत उतरवत राहिले, आणि दुसरे लोक कानडीत. नकलेचं हे काम सुमारे १९२२ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं चाललं. खर्च वीस हजार रुपयांच्या घरात गेला. त्या काळचे वीस हजार!

आता गंमत बघा. पैसा समाजाचा, श्रम शास्त्रीलोकांचे, ग्रंथ सगळ्यांचा. पण नव्या प्रती तयार झाल्या त्या कुठं राहिल्या? मूडबिद्रीतच. मूळ ताडपत्रांशेजारी त्याच कपाटात. नक्कल करायची परवानगी होती ती जतनासाठी. प्रत गावाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. एका कुलपाच्या आत दुसरा संच जाऊन बसला, एवढंच झालं.

मला माझ्या लेखाचं नवल वाटत होतं, ते इथं संपलं. लोकांच्या पैशातून झालेलं ज्ञान लोकांना न मिळणं, ही काही इंटरनेटची करामत नव्हे.

पण मूडबिद्रीत एक दार उघडं राहिलं होतं, गजपतिशास्त्र्यांच्या घराचं. दिवसा ते मठात बसून नक्कल करत. आणि घरी, कुणालाही कळू न देता, त्याच ग्रंथांची आणखी एक प्रत कानडी लिपीत तयार होत होती. या कामात त्यांना साथ होती पत्नी लक्ष्मीबाईंची. त्या शिकलेल्या होत्या, शास्त्र जाणणाऱ्या होत्या. एकोणिसावं शतक संपत आलेलं. आमच्या पणज्यांना तेव्हा अक्षरओळख नव्हती. जे ग्रंथ गृहस्थानं वाचू नयेत म्हणत, ते एक बाई दिव्याच्या उजेडात उतरवून घेत होती. याहून अधिक त्यांच्याबद्दल मला काही सांगता येत नाही. इतिहासात त्यांना एक वाक्य मिळालंय, तेही नवऱ्याच्या नावाला जोडून. पण धवलेच्या छापील पोथीला हात लावताना मला आधी त्यांचा हात आठवतो.

ही चोरटी प्रत घेऊन गजपतिशास्त्री सोलापूरला हिराचंद शेठांकडं गेले. योग्य मोबदला द्या आणि ठेवून घ्या, म्हणाले. ज्या माणसानं या ग्रंथांसाठी अर्धं आयुष्य खटपट केली, त्याच्या दारात ग्रंथ आपण होऊन आला होता. शेठांनी घेतला नाही. मठाला दिलेला शब्द मोडून आलेली वस्तू ठेवणं त्यांना योग्य वाटेना. मुंबईला माणिकचंदांनाही त्यांनी तसंच कळवलं. पूर्वी हे वाचताना मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही. त्यांनी अचौर्य पाळलं आणि त्याची किंमत मोजली.

शेवटी उत्तरेत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती प्रत घेतली. कानडीतून नागरीत उतरवायचं काम तिथं १९१६ ते १९२३ या काळात झालं. आणि पुन्हा तेच घडलं! नागरी प्रत लिहिणाऱ्या सीताराम शास्त्रींनी स्वतःसाठी गुपचूप एक प्रत करून ठेवली. तिच्यावरून नकला झाल्या आणि त्या आरा, कारंजा, सोलापूर, सागर अशा गावोगावच्या भांडारांत पोचल्या. पाणी भिंतीतून झिरपावं तसा ग्रंथ झिरपत गेला. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी या झिरपलेल्या प्रतींवरून धवला छापायला घेतली. पैसा भेलसा, म्हणजे आताच्या विदिशेच्या, श्रीमंत शेठ सिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या नावानं उभारलेल्या फंडातून आला. १९३९ साली पहिला भाग निघाला आणि पुढच्या वीस वर्षांत सोळा भाग झाले. या कामात ज्यांचं साह्य होतं ते डॉ. आ. ने. उपाध्ये आपल्या सदलग्याचे. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवायचे.

छापलं म्हणून काय साधलं, असं कुणी विचारलं तर मी पहिल्या भागातलं त्र्याण्णवावं सूत्र दाखवते. मनुष्यिणी, म्हणजे मानवी स्त्री, कोणकोणत्या गुणस्थानांवर असू शकते, याचा तिथं विचार आहे. हातात असलेल्या प्रतींमध्ये त्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द नव्हता. संजद म्हणजे संयत, संयमाच्या पायरीवर पोचलेली. संपादकांना संदर्भावरून शंका आली, की इथं हा शब्द गळालाय. त्यांनी तशी टीप दिली. समाजात खळबळ उडाली. स्त्रीच्या मोक्षमार्गाशी जोडलेला एक शब्द, आणि तो आहे की नाही यावर वाद! पुढं मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहिलं तेव्हा शब्द तिथं होता. त्याचा अर्थ कसा लावायचा यावर पंडित पुढंही भांडत राहिले, आणि ते भांडोत. पण शब्द आहे, हे कळलं ते छापल्यामुळं. ग्रंथ कुलपात असता तर गळाला काय आणि राहिला काय, कुणाला पत्ता लागला असता? आणि हेही खरं, की मूळ ताडपत्रं त्या कुलपात सुखरूप नसती तर चूक दुरुस्त कशावरून झाली असती?

म्हणून मूडबिद्रीला दोष देताना माझी जीभ अडखळते. राज्यं गेली, आक्रमणं झाली, वाळवी आणि पावसाळे शेकडो वर्षं येत राहिले. त्या सगळ्यातून त्या मठानं ग्रंथ वाचवला आणि त्यावर एक पैसा नफा काढला नाही. ग्रंथ छापायला सुरुवात झाल्यावर त्याच मूडबिद्रीनं मन मोठं करून पाठ ताडून द्यायला मदतही केली. कुलूप वाईट नसतं. ते कशासाठी आहे आणि कधी काढायचं, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातातली किल्ली वाईट.

आता आजच्या कुलपाकडं येते.

विद्वानांनी आपले शोध नियतकालिकातून एकमेकांना कळवावेत, ही रीत १६६५ साली पक्की झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी त्या वर्षी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं. त्यावर चार पैसे मिळतील अशी त्यांना आशा होती, पण फारसे मिळाले नाहीत. पुढची जवळजवळ तीन शतकं विद्वत्मंडळांची नियतकालिकं म्हणजे बहुतेक तोट्याचाच धंदा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनी विज्ञानात पैसा ओतला तेव्हा काही व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, की या मालाला स्पर्धा नाही. एका नियतकालिकातला लेख दुसऱ्यात मिळत नाही. ग्रंथालयाला दोन्ही घ्यावीच लागतात. रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गमॉन प्रेसनं हा धंदा कसा वाढवायचा ते दाखवलं. १९९१ मध्ये त्यांनी पर्गमॉन एल्सवियरला विकली. आज अशा बड्या प्रकाशनगटांना शंभर रुपयांच्या विक्रीमागं तीस रुपयांहून अधिक नफा सुटतो. भुसाराच्या दुकानदाराला सांगून बघा, चक्कर येईल त्याला. लेखक फुकट लिहितो, परीक्षक फुकट तपासतो, आणि त्या दोघांचंच विद्यापीठ तो माल परत विकत घेतं.

त्याच १९९१ साली, ऑगस्टमध्ये, अमेरिकेत लॉस अलामोसला पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञानं एक साधी सोय केली. छापून यायच्या आधीचे लेख एका संगणकावर ठेवायचे, ज्याला हवा त्यानं घ्यावा. तीच पुढं ‘अर्काइव्ह’ म्हणून जगभर वाढली. दहा वर्षांनी, डिसेंबर २००१ मध्ये, बुडापेस्टला काही मंडळी जमली. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांचं निवेदन निघालं आणि ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्द रूढ झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर लेख कुणीही, कुठूनही, पैसे न देता वाचावा, उतरवून घ्यावा, दुसऱ्याला द्यावा. लेखकाचं नाव आणि मजकूर मात्र बिघडवू नये. आमच्या शास्त्रदानात याहून वेगळं काय आहे?

खुलं होईना तिथं लक्ष्मीबाई निघाल्याच. २०११ मध्ये कझाकस्तानची अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुण मुलीनं ‘साय-हब’ नावाची चोरवाट काढली आणि लाखो लेख त्या वाटेनं जगभर गेले. डिसेंबर २०२० मध्ये एल्सवियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध दावा लावला. कायदा त्यांच्या बाजूचा आहे, यात मला शंका नाही. मूडबिद्रीचा शब्दही गजपतिशास्त्र्यांनी मोडलाच होता. पण चोरवाट कुठं पडते? हमरस्ता बंद असतो तिथंच. आणि चोरवाटेनं जाणाऱ्याला धाकधूक असतेच, की ही वाट उद्या बुजली तर? चोरीवर समाजाची ज्ञानव्यवस्था उभी राहत नाही. सीताराम शास्त्रींच्या प्रती झिरपल्या खऱ्या, पण ग्रंथ लोकांपर्यंत पोचला तो अमरावतीच्या छापखान्यातून, उघडपणे, कुणीतरी आधी पैसे दिले म्हणून.

हे ‘आधी पैसे दिले म्हणून’ नीट लक्षात घ्यायला हवं. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. फुकट काहीच नसतं. ताडपत्राला, शाईला, शास्त्र्याच्या जेवणाला पैसा लागतो. आजही संपादन, मांडणी, जपणूक याला पैसा लागतो. प्रश्न आहे तो कुणी द्यायचा आणि कुठल्या दारात. प्रकाशक म्हणतात, ठीक आहे, वाचकाकडून नको तर लेखकाकडून घेऊ. ‘नेचर’ या नियतकालिकानं २०२१ पासून लेख खुला करायचा दर ठेवला साडेनऊ हजार युरो, एका लेखाला! आपल्याकडच्या प्राध्यापकाचे कित्येक महिन्यांचे पगार त्यात जातील. म्हणजे वाचायला मोकळीक, लिहायला बंदी. पूर्वी गरिबाला ऐकू येत नव्हतं, आता त्याला बोलता येणार नाही. शिवाय लेखामागं पैसे मिळतात म्हटल्यावर काहीही छापणारी भुरटी नियतकालिकं उगवली ती वेगळीच.

आपल्या सरकारनं दुसरा मार्ग काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, आणि सहा हजार तीनशेवर सरकारी संस्थांना वाचायची सोय. खेड्यातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला याचा फायदा होतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मी निवृत्त. माझ्यासारख्या, शाळेत शिकवून शिलालेख वाचणाऱ्या, वकिली करून नाणी जमवणाऱ्या माणसांना यात जागा नाही. आपल्या भागाचा इतिहास तर अशाच माणसांनी लिहिलाय. तीन वर्षांनी वर्गणी थांबली तर दारही बंद. वीस हजारांची नक्कल झाली आणि कपाटातच राहिली, त्या गोष्टीची मला पुन्हा आठवण येते.

मग दुसरी रीत आहे का? आहे, आणि आपल्याकडं फार जुनी आहे. दहाव्या शतकात अत्तिमब्बे नावाची जैन श्राविका होऊन गेली. लक्कुंडीची तिची बसदी आजही उभी आहे. लोक तिला दानचिंतामणी म्हणत. पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती तिनं लिहवून घेतल्या आणि वाटल्या, असं परंपरा सांगते. छापखाना नव्हता तेव्हा एक हजार! तिनं वाचकाच्या दारात पेटी ठेवली नाही, आणि कवीकडून शुल्कही मागितलं नाही. लिहिणाऱ्या हाताला आधी मोबदला दिला आणि ग्रंथ सोडून दिला. आहार, औषध, अभय आणि शास्त्र या चार दानांत शास्त्र आहे ते याचसाठी. तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरण कर्म कशानं बांधलं जातं ते सांगताना निह्नव, मात्सर्य, अंतराय अशी कारणं दिलीत. माहीत असून लपवणं, पात्र माणसाला न देणं, ज्ञानाच्या वाटेत आडवं येणं. प्रकाशकांना कर्मसिद्धांत सांगून उपयोग नाही. पण आपल्या मनाला तो सांगावा लागतो.

हीच रीत आजही चालते. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिकं कुणीही घरबसल्या वाचू शकतो, आणि ‘करंट सायन्स’ही. ब्राझीलनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘सायेलो’ उभी करून शेकडो नियतकालिकं लोकांच्या पैशातून खुली ठेवली. आपला मराठी विश्वकोश खुला आहे. विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. आणि आमच्या बेळगावचंच उदाहरण घ्या. १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, त्याचा अधिकारी बिचीराज यानं बांधलेल्या जिनालयाला दानं दिल्याचे दोन शिलालेख होते. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी कधी बघितले नाहीत, बघेन असंही नाही. पण तिथल्या बार्नेट यांनी त्यांचं वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तेराव्या खंडात छापलं, आणि सरकारी पैशातून निघालेले ते खंड आज सगळ्यांना खुले आहेत. दगड गेला, अक्षरं परत आली. माझ्या त्या लेखाचा पायाच मुळी या खुल्या खंडावर उभा होता. मी फुकट घेतलं, आणि माझ्या हातून पुढं कुलूपबंद झालं. चोर कोण, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला इथं थांबावं लागलं. सही माझी होती.

तो लेख आता मला परत मिळणार नाही. पण त्यातली माहिती कुणाच्या मालकीची नाही. ती मी मराठीत नव्यानं लिहून काढली. सोबत बस्तीच्या छताचे, कमळाचे फोटो जोडले. नातीनं सगळं कुणालाही उतरवून घेता येईल असं ठेवून दिलं. वापरा, वाटा, फक्त चूक सापडली तर कळवा, एवढी अट मी घातली. दोन महिन्यांत एका निवृत्त मास्तरांनी माझी एक तारीख चुकलेली दाखवून दिली. इंग्रजी लेखात ती चूक वीस वर्षं सुखानं नांदत होती.

आमच्या बस्तीत पूजेचे सवाल होतात. अभिषेकाचा एक, आरतीचा एक, असे आकडे चढत जातात. यंदा मी उठून म्हटलं, एक सवाल शास्त्रदानाचा ठेवा. कपाटातल्या हस्तलिखित पोथ्यांचे फोटो काढून सगळ्यांना खुले करायचे. कॅमेऱ्याचा आणि काढणाऱ्या पोराच्या कष्टाचा खर्च त्यातून द्यायचा. उपाध्ये म्हणाले, “अक्का, पोथ्या अशा बाहेर दाखवल्या तर त्यांचं पावित्र्य काय राहिलं?” मी म्हटलं, “अहो, आज सण कुठला आहे?”

दोघं-तिघं हसले, बाकीचे गप्प बसले. मग पाठीमागून, बायकांच्या बाजूनं, एका सूनबाईचा आवाज आला. तिनं पाचशे एक म्हटलं. आकडा फार चढला नाही, पण कपाट उघडायला पुरेल एवढा झाला. वहीत सवालाचं नाव काय लिहायचं, असं कारकुनानं विचारलं. मी सांगितलं, लिहा, लक्ष्मीबाई उपाध्याय, मिरज.